पिंग मोजत जळगाव ते धुळे

सकाळी ६

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात डोक्याचं काम करायचं, तर ते दहाच्या आत उरकावं लागतं. त्यानंतर कूलरही गरम हवाच फेकतो. म्हणून मी सहाला बसते. पुण्याच्या एका गेम कंपनीसाठी मी घरून काम करते. गेम मोबाइलवरचा, पाच विरुद्ध पाच, आठ-नऊ मिनिटांत निकाल. तो रचणारे, रंगवणारे लोक निराळे. माझ्याकडे एवढंच आहे की खेळाडूने बटण दाबल्यापासून दहा जणांचा सामना कुठल्या तरी सर्व्हरवर उभा राहीपर्यंत जे घडतं, ते नीट घडावं.

सर्व्हर आमच्या मालकीचे नाहीत, अमेझॉनच्या गेमलिफ्ट या सेवेतून भाड्याने घेतलेले आहेत. ही सेवा २०१६च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेझॉनने मुंबईत आपलं क्लाउड केंद्र उघडलं. त्याआधी इथल्या खेळाडूला त्यांचं सगळ्यात जवळचं केंद्र म्हणजे सिंगापूर. याच कामासाठी गूगल आणि युबिसॉफ्टने २०१८मध्ये अगोनीस हा खुला प्रकल्पही आणला. कोणतंही साधन घेतलं तरी मूळ प्रश्न तोच राहतो: हे दहा जण आत्ता कुठे बसवायचे?

गेम आधी मुंबई, सिंगापूर अशा केंद्रांकडे छोटासा संदेश पाठवून तो परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजतो. हा पिंग. जुळणी करणारी यंत्रणा साधारण सारख्या ताकदीचे दहा जण गोळा करते, त्या सगळ्यांचे पिंग जोडते आणि एक विनंती रांगेत टाकते. कुठल्या केंद्रात आमच्या किती जागा मोकळ्या आहेत हे रांगेला ठाऊक असतं. निवडीचा मूळ क्रम असा: आधी पिंग, मग भाडं, मग आम्ही दिलेल्या यादीतला क्रम. जागा मिळाली की सामना उभा राहतो आणि दहाही मोबाइलना सर्व्हरचा पत्ता जातो. जागा मोकळी असेल तर खेळाडूला हे सगळं जाणवतही नाही.

जाणवतं ते जागा न मिळाल्यावर. किती पिंगपर्यंत चालेल, किती वेळ थांबायचं, थांबूनही जमलं नाही तर काय, हे तीन निर्णय माणसाने घ्यायचे असतात. माझा दिवस त्यांच्यातच जातो.

सकाळी ७.३०

रात्रीचे आलेख. त्यांच्यावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले रात्रीचे दहा म्हणजे तिथले साडेचार. मी रोज पहिल्यांदा चार रेघा बघते: रांगेत किती विनंत्या उभ्या होत्या, सरासरी किती थांबल्या, पहिल्या पसंतीच्या ठिकाणी जागा नव्हती असं किती वेळा झालं, आणि किती विनंत्या वेळ संपल्यामुळे परत गेल्या.

सरासरी छान होती. आठवडाभर छानच आहे. पण वेळ संपून परत जाणाऱ्या विनंत्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, चढत चालल्या आहेत. सरासरी वेळ मोजली जाते ती ज्यांना जागा मिळाली त्यांची. ज्यांना मिळाली नाही ते तिच्यात उमटतच नाहीत. एका बाजूला पुष्कळ लोक दोन सेकंदांत आत जातात, दुसऱ्या बाजूला थोडेजण दहा मिनिटं फिरणारं चक्र बघून गेम बंद करतात, आणि आलेखावर फक्त पहिले दिसतात.

हे दुसरे लोक कुठले, हे आलेखावरून सांगता येत नाही. मोबाइल इंटरनेटचा पत्ता बहुतेक वेळा भलत्याच शहराचा निघतो. चोपड्याच्या मुलाचं सिमकार्ड आमच्या नोंदीत मुंबईचं म्हणून दिसू शकतं. म्हणजे नोंदवहीत खान्देश नावाचा भागच नाही. त्याला बघायचं तर फोन घेऊन रस्त्यावर उतरावं लागतं. आज म्हणूनच धुळ्याला जायचं आहे.

सकाळी ९

पुण्याच्या मंडळींशी बोलणं. मुद्दा मर्यादेचा. रांग उभी केली तेव्हा नियम ठेवला गेला की सामन्यातल्या कुणाचाही पिंग ६० मिलिसेकंदांवर जाता कामा नये, आणि हा नियम शेवटपर्यंत कायम. थांबण्याची कमाल मुदत ६०० सेकंद, जी या सेवेत आपोआप मिळते. पुण्यातल्या ऑफिसच्या फायबरवर मुंबईचा पिंग इतका कमी येतो की ६०ची मर्यादा तिथे उदार वाटते.

पण हा नियम सरासरीला नसतो, प्रत्येक माणसाला लागतो. नऊ जण २० मिलिसेकंदांवर आणि दहावा, समजा शिरपूरचा, ८० वर असेल, तर त्या दहांसाठी मुंबई बाद. सिंगापूर तर त्याहून लांब, तेही बाद. विनंती रांगेत फिरत राहते आणि मुदत संपली की परत येते. शिक्षा एकट्या शिरपूरच्या मुलाला होत नाही. कोथरूडची, ठाण्याची नऊ मुलंही त्याच्याबरोबर ताटकळतात, आणि त्यांना कारण कधीच कळत नाही.

सहकाऱ्याची शंका रास्त होती: मर्यादा सैल केली तर सामने विनाकारण सिंगापुरात जातील का? मुंबईत जागा आहे तोवर नाही जाणार. मर्यादेमुळे फक्त कोणती ठिकाणं चालतील ते ठरतं. चालणाऱ्यांतून निवड आधी कमी पिंगाचीच होते. धोका मुंबई भरलेली असताना आहे. तेव्हा सैल मर्यादा आणि अपुरी जागा एकत्र आली तर लोक लांब फेकले जातात. म्हणून आधी मुंबईची जागा वाढवायची आणि मगच मर्यादा सोडायची, एवढं ठरलं. आकडे मी संध्याकाळी देते म्हणाले.

सकाळी १०.३०

जळगाव स्टँडवरून धुळ्याची एसटी. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळ्यावरून. स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक जे करतो तेच माझी रांग करते: कुठली गाडी फलाटावर आहे, किती सीट मोकळ्या, मागची किती वेळात येईल, आणि लग्नाचं दहा जणांचं वऱ्हाड एकत्रच जाणार असेल तर त्यांना अर्ध्या भरलेल्या गाडीत बसवून उपयोग नाही. त्यांना थांबवायचं की लांबच्या वाटेने जाणाऱ्या गाडीत चढवायचं, हे तो उभ्या उभ्या ठरवतो. चांगला नियंत्रक वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून ठरवतो.

खिडकीशी दोन फोन, दोन कंपन्यांची सिमकार्डं. एक छोटा प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी मुंबई आणि सिंगापूरला संदेश पाठवून नोंद ठेवतो. जळगाव सोडताना मुंबईचा पिंग दोन्ही फोनवर चाळिशीच्या घरात. पाळधीच्या पुढे केळीच्या बागा लागल्या आणि एक फोन ऐंशीवर गेला. एरंडोलला पुन्हा खाली. पारोळ्याला, किल्ल्याच्या गावात, गाडी थांबली तेव्हा आकडा एका जागी ठरेचना: ४५, ११०, ५०, १३०. त्याच वेळी गावातली वीज गेलेली होती. टॉवर बॅटरीवर असावा.

जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन खरं अंतर चार-पाच मिलिसेकंदांचं. बाकीचा सगळा वेळ टॉवर, टॉवरवरची गर्दी, आणि मोबाइल कंपनीचा डेटा कुठल्या शहरातून फिरून जातो यात जातो. खान्देश मुंबईपासून लांब नाही. मधली वाट अरुंद आहे. ती वाट मला रुंद करता येत नाही. पण आमच्या नियमाने तिला वर दंड लावू नये, एवढं माझ्या हातात आहे.

दुपारी १

धुळे. मुंबई-आग्रा, सुरतहून नागपूरकडे जाणारा आणि सोलापूरचा, असे तीन महामार्ग या गावात भेटतात आणि स्टँडबाहेरच्या धुळीवरून ते लगेच कळतं. देवपुरात ताईचं घर. आखाजीला ती माहेरी जळगावला आली होती, झोका खेळून, खापरावरच्या पोळ्या आणि रस खाऊन परतली. आज इथेही रस आहे, सोबत कुरडया. भाचा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आहे, निकाल अजून लागायचा आहे.

"मावशी, रात्री मॅच लागतच नाही गं. मित्र म्हणतात गेमच भंगार आहे."

"दुपारी लागते?"

"दुपारी कधी लागते, कधी नाही. घरच्या वायफायवर लागते, पण वायफाय बाबा आले की त्यांच्या कामाला."

ताईला निराळी काळजी. यात पैसे तर लावत नाहीत ना? नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंदच केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आमच्या खेळात पैशांची हारजीत कधी नव्हती. तिला हे सांगितलं, पण तिचा दुसरा प्रश्न, डोळ्यांचं काय, त्याला माझ्याकडे सेटिंग नाही. दोन तासांच्या वर नको, असं आम्ही दोघींनी मिळून भाच्याला बजावलं.

दुपारी २ ते ४

ही वेळ कामाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची निघाली. बाहेर रस्त्यावर माणूस नाही. सुट्टी लागलेली, मैदान तापलेलं, मुलं घरात. ताईच्या गल्लीतली पाच-सहा मुलं ओसरीवर भिंतीला टेकून खेळत बसली. भारतभराच्या आलेखात दुपारी दोनला छोटासा फुगवटा दिसतो, तो का असतो हे या ओसरीवर बसल्यावर कळलं. आम्ही मुंबईतले सर्व्हर संध्याकाळी सातनंतर वाढवतो, कारण शाळा चालू असताना ते बरोबर असतं. एप्रिल-मेमध्ये ते पाच तास उशिरा होतं.

सर्व्हर आयत्या वेळी वाढत नाहीत. एका यंत्रावर आमचे अनेक सामने एका वेळी चालतात. जागा कमी पडू लागली की नवं यंत्र मागवलं जातं, पण ते सुरू होऊन, गेमचा प्रोग्रॅम चढवून तयार होईपर्यंत काही मिनिटं जातात. तोवर रांग उभी. म्हणून ठरावीक टक्के जागा कायम रिकामी राखायची असते. हा आकडा आमच्याकडे १० आहे. मी दुपारी १ पासून रात्रीच्या गर्दीपर्यंत तो २० करायला सांगितला, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत. रिकाम्या यंत्राचं भाडं लागतं, आणि त्यावर वाद होणार हे ठाऊक आहे. पण ओसरीवरचा मुलगा तीनदा प्रयत्न करून गेम काढून टाकतो, त्याची नोंद भाड्याच्या बिलात होत नाही.

संध्याकाळी ५

आकडे ठरवले. एकच सरळ मर्यादा काढून तीन पायऱ्या केल्या. पहिले १५ सेकंद ६० मिलिसेकंद. पुढचे २० सेकंद १००. त्यानंतर १५०. एकूण मुदत ७५ सेकंद. तेवढ्यात नाही जमलं तर खेळाडूला स्पष्ट सांगायचं आणि पुन्हा जुळणीत घालायचं. सहाशे सेकंद मोबाइल धरून कुणी बसत नाही.

पहिली पायरी ६० वरच ठेवली, कारण ज्या दहाही जणांना ती पुरते त्यांचा सामना तिथेच लागतो आणि त्यांना काहीच फरक पडत नाही. दुसरी पायरी एरंडोल-पारोळ्यासाठी, बसमध्ये मोजलेल्या आकड्यांवरून. इथल्या ज्या मुलाला मुंबई ९० वर आहे, त्याला सिंगापूर दीडशेच्या आसपास पडतं. म्हणजे १०० च्या पायरीवर तो गट मुंबईतच राहतो. अडचण पुण्या-मुंबईच्याच दहा जणांच्या गटाची. त्यांना सिंगापूर सत्तरच्या आसपास येतं, मुंबई भरलेली असेल तर सोळाव्या सेकंदाला रांग त्यांना तिकडे उचलून टाकेल. त्यावर उपाय मुंबईतली जागा, जी आज आधी वाढवली.

आणखी एक गोष्ट केली. खराब नेटवर्कवर कधीकधी पिंगाची मोजणीच पुरी होत नाही आणि विनंती पिंगाशिवाय येते. अशा विनंतीला पिंगाची मर्यादा लागू होत नाही आणि रांग उरलेल्या क्रमाने निवडते. भाड्याच्या हिशेबात दुसरं केंद्र स्वस्त पडलं तर ज्याचं नेटवर्क आधीच दुबळं, त्यालाच ती लांब पाठवेल. म्हणून ठिकाणांचा क्रम हाताने लिहिला, मुंबई सगळ्यात वर, आणि तो क्रम भाड्याच्या आधी नेला.

संध्याकाळी ७

जेवण लवकर. तेवढ्यात स्पॉटचा हिशेब. शिल्लक यंत्रं क्लाउड कंपनी स्वस्तात देते, पण तिला गरज पडली की दोन मिनिटांची सूचना देऊन परत घेते. आठ मिनिटांचा सामना सहाव्या मिनिटाला असा तुटू शकतो. कुठल्या जातीची यंत्रं परत मागितली जाण्याची शक्यता आहे हे पाहून रांग ती टाळते, तरी हमी नाही. माझं मत पक्कं आहे: मैत्रीपूर्ण सामने स्पॉटवर चालतील, क्रमवारीचे नाही. क्रमवारीसाठी निराळी रांग, तिच्यात फक्त पूर्ण भाड्याची यंत्रं. मूल महिनाभर खेळून जे गुण कमावतं ते आपल्या काटकसरीसाठी जाऊ देणं गैर आहे.

रात्री ९ ते ११

नवी मांडणी नऊला लागू. चालू सामन्यांना धक्का नाही, नव्या विनंत्यांपासून नियम बदलतात. ताईच्या गच्चीवर सतरंजी, लॅपटॉप, फोनवर पुणे. खाली गल्लीत अजून उकाडा. पांझरेकडून थोडा वारा येतो.

पहिली दहा मिनिटं रेघ हलली नाही. मग परत जाणाऱ्या विनंत्यांची रेघ उतरू लागली. साडेनऊला गर्दी चढली तेव्हा मी सिंगापूरवर डोळा ठेवून होते. तिकडे जाणारे सामने वाढले, पण थोडे, आणि मुंबईतली दुपारी मागवलेली यंत्रं भरत गेली तसे पुन्हा कमी झाले. दहा वाजता पुण्याच्या सहकाऱ्याने एक सामना उघडून दाखवला: नऊ जणांचा पिंग २० ते ३५, एकाचा ९४. काल हा सामना लागलाच नसता. आज सतराव्या सेकंदाला लागला.

मग अवघड प्रश्न आला. ९४ वाल्याशी खेळताना बाकीच्यांवर अन्याय होतो का? थोडा होतो. त्याची गोळी जिथे लागलेली दिसते तिथून समोरचा सरकलेला असतो, आणि उलटही. सर्व्हर मागच्या क्षणाचा हिशेब लावून ते बरंच सावरतो, पूर्ण नाही. पण आठ मिनिटांच्या खेळातला हा किंचित तोटा एका बाजूला आणि मुलाला खेळायलाच न मिळणं दुसऱ्या बाजूला, असं मांडलं तर मला फार विचार करावा लागत नाही. सहकाऱ्याचं समाधान झालं नाही. दीडशेची पायरी क्रमवारीच्या सामन्यांना लावू नये असं तो म्हणाला, आणि ते मी मान्य केलं. क्रमवारीची रांग १०० वर थांबेल.

खालून भाच्याची हाक आली. "मावशी, लागली! डेटावर लागली!"

त्याला सांगितलं होतं वायफाय बंद ठेव म्हणून.

रात्री ११.३०

नोंद लिहून पाठवली: काय बदललं, कुठे मोजलं, कुठल्या तारखेला परत बघायचं. सोबत बसमधली मोजणी गावागावाच्या नावाने जोडली, म्हणजे पुढच्या बैठकीत पाळधी, एरंडोल आणि पारोळा ही नावं आकड्यांसकट समोर असतील. बदल आठवडाभर ठेवून मग कायम करायचा की नाही ते ठरेल. सिंगापूरला जाणारे सामने वाढले तर पायऱ्यांची मुदत बदलावी लागेल.

असं काम करणारी मराठी मुलं-मुली आज पुण्यात आणि मुंबईत पुष्कळ आहेत. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इंडस हा खेळ आणला. पुढेही असे खेळ इथून निघतील आणि त्यांच्या रांगा आपल्यातलंच कुणी लावेल. त्यांना एक विनंती. मर्यादेचा आकडा लिहिण्याआधी आपल्या गावी जा, फायबर बंद करा, रात्री नऊ वाजता साध्या सिमकार्डावर अर्धा तास मोजा, आणि मगच तो लिहा.